यह्याची वाटी

जळगावच्या बाजारात भांड्यांच्या एका दुकानाच्या पायरीवर माझी जागा आहे. समोर बुटकं टेबल, मांडीवर जाड फडकं आणि हातात नाव घालायचं मशीन. मशीन म्हणजे काय, एक जाडसर पेन, त्याला दुकानातून आलेली वायर आणि पुढे पोलादी टोक. बटण दाबलं की ते घरघरतं, स्टीलवर टेकवलं की टरटरतं. तुम्ही पातेलं घेतलंत की शेठ विचारतात, "नाव टाकायचं ना?" तुम्ही हो म्हणता आणि पातेलं माझ्या मांडीवर येतं.

लोक काय काय लिहून मागतात! चहाच्या चमच्यावर नवऱ्याचं नाव, सासऱ्याचं नाव, गाव, तालुका आणि वर पुन्हा 'सप्रेम भेट'. मी म्हणते, "बाई, हा चमचा आहे, रेशनकार्ड नाही." काहींना राग येतो. येऊ दे. अक्षर माझ्यासारखं दुसरीकडे मिळत नाही, म्हणून जातात आणि परत येतात.

हे काम खरं माझ्या नवऱ्याचं. आम्ही दोघंही धुळ्याचे. तिथे तो पितळेवर छिन्नी-हातोडीनं ठिपका ठिपका जोडून नावं घालायचा. मशीन घेतलं आणि आम्ही जळगावला आलो. तो गेला त्यानंतर महिन्याभरात मी या पायरीवर येऊन बसले. पहिले काही दिवस आजूबाजूचे दुकानदार उगाच चक्कर मारायचे, बाईमाणूस काय लिहितंय ते बघायला. माझं अक्षर त्याच्यापेक्षा चांगलं आहे हे तो स्वतःच कबूल करून गेला होता, त्यामुळे मला दुसऱ्या कुणाचं प्रमाणपत्र नको होतं.

त्यानं मला दोन गोष्टी शिकवल्या. नाव आधी पेपरच्या कडेला लिहायचं, गिऱ्हाइकाला दाखवायचं आणि त्यानं मान हलवल्यावरच पेन टेकवायचं, ही पहिली. दुसरी अशी की, चूक झाली तर ती पुसायच्या फंदात पडायचं नाही. स्टील घासलं की पांढुरका डाग पडतो आणि तो चुकीपेक्षा मोठा दिसतो. चुकीवर फूल काढायचं. पाच पाकळ्या, दोन पानं, झालं काम. जळगाव-धुळ्याकडच्या पुष्कळ घरांत ताटाच्या कडेला नावाशेजारी असं फूल सापडेल. बायका कौतुकानं दाखवतात, फूल फुकट काढून दिलं म्हणून. त्या प्रत्येक फुलाखाली आमच्या घरची एकेक चूक झाकलेली आहे.

आता मी सांगते ती गोष्ट सहा वर्षांपूर्वीची आहे.

त्या दिवशी सकाळपासून मी एकच मोठं काम घेऊन बसले होते. धुळ्याकडच्या एका खेड्यातले एक भाऊ ताटं घेऊन आले होते. त्यांच्या वडिलांचं वर्षश्राद्ध होतं, गावजेवण होतं आणि नंतर ती ताटं गावाच्या देवळाला द्यायची होती. भाऊंनी बजावून सांगितलं, "अक्का, बठ्ठा ताटेस्वर आबानं नाव टाकी द्या." म्हणजे सगळ्या ताटांवर आबांचं, त्यांच्या वडिलांचं नाव. चळतच्या चळत ठेवून ते गेले. प्रत्येक ताटावर आधी 'कै.', मग आबांचं नाव, मग 'यांच्या स्मरणार्थ'. कै. म्हणजे कैलासवासी, हे आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही कळतं.

आमच्यात कै. लिहीत नाहीत. आम्ही बौद्ध. आमच्याकडे माणूस गेला की नावाआधी 'कालकथित' लिहितात. नवऱ्याच्या नावानं विहाराला जे पातेलं दिलं त्यावर मी तेच घातलं, आणि तो एक शब्द घालायला मला अख्खी दुपार लागली. मुसलमान गिऱ्हाईक 'मरहूम' लिहून घेतं. मला तिन्ही शब्द सारखेच सवयीचे. पण त्या दिवशी हाताला कै.चं वळण पडलं होतं. विसेक ताटांनंतर मी बघतही नव्हते, हात आपोआप चालत होता. याचाच मला अभिमान वाटत होता, हे आधीच सांगून टाकते.

दुपारी बुरखा घातलेली एक म्हातारी बाई घाईघाईनं आली. तोंडावरचा पडदा वर केलेला, कपाळावर घाम. तिनं शेठकडून स्टीलची एक इवलीशी वाटी घेतली, सोबत चमचा घेतला आणि वाटी माझ्यापुढे धरली.

"ताई, यावर नाव टाकून द्या. जल्दी करा, रिक्षा उभी आहे."

"कुणाचं नाव?"

"माझ्या पोत्याचं. यह्या."

मी हे नाव तोवर कधी घातलेलं नव्हतं. दोनदा विचारून घेतलं. मग तिनं सगळं सांगितलं, आम्हा बायकांना कितीही घाई असली तरी तेवढा वेळ असतो. नातू सहा दिवसांचा होता. दिवस भरण्याच्या खूप आधी जन्मला, वजन दीड किलोसुद्धा नाही. दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलेला. आजवर नळीनं दूध देत होते. आज डॉक्टर म्हणाले, वाटी-चमच्यानं पाजून बघू. सिस्टरनं सांगितलं, वाटीवर काहीतरी खूण करून आणा, सगळ्यांच्या वाट्या सारख्याच दिसतात. बाकीच्या बाया चिकटपट्टी लावून त्यावर पेनानं लिहितात. हिनं मुलाला सांगितलं, मी कोरून आणते.

"नाव ठेवलंत का पण?" मी विचारलं.

"तेच तर! मुलगा म्हणतो, अम्मी, घरी येऊ दे, मग नाव ठेवू. बिचाऱ्याला भीती वाटते. दवाखान्यात त्याला 'बेबी' म्हणतात. ताई, अल्लाकडे मागायचं तर कुणाच्या नावानं मागू? बेबीच्या?" तिनं वाटी माझ्या मांडीवर ठेवली. "तुम्ही टाका नाव. एकदा कोरलं की मुलगा काय करणार आहे?"

मला माझी आई आठवली. आमच्याकडे पोरं जगत नसली की नाव मुद्दाम वाईट ठेवायचे. दगड, धोंडा, उकिरडा, म्हणजे मरणाला वाटावं की हे काही न्यायच्या लायकीचं नाही. माझ्या एका भावाचं असंच नाव होतं आणि तो जगला, सत्तर वर्षांचा होऊन अजून भांडतो. ही बाई नेमकं उलटं करत होती. चांगलं, उजळ नाव वाटीवर कोरून दवाखान्यात सगळ्यांदेखत ठेवणार होती. मला तिच्या हिमतीचं फार नवल वाटलं.

मी पेपरच्या कडेला लिहिलं, 'यह्या', आणि तिला दाखवलं. ती हसली. "मला उर्दूच येते. तुम्ही लिहिलं म्हणजे बरोबरच असेल."

बाहेर रिक्षावाला भोंगा वाजवत होता. मी ताट बाजूला सारलं, वाटी फडक्यात धरली, नाव घातलं, फुंकर मारली, कागदात गुंडाळली. तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला, खरं तर मीच पन्नाशीची होते तेव्हा. आणि ती गेली.

मी पुन्हा ताट ओढलं. पेन टेकवलं. क काढला, वर दोन मात्रा दिल्या, टिंब दिलं, आणि माझा हात थांबला. हीच हालचाल हातानं आत्ता केली होती. ताटावर नाही, वाटीवर. डोळ्यांना काही आठवत नव्हतं पण हाताला पक्कं आठवत होतं. उभी रेघ, वळण, दोन मात्रा, टिंब. मग यह्या.

मी जिवंत पोराच्या नावाआधी कै. कोरलं होतं. सहा दिवसांच्या, पेटीतल्या पोराच्या.

मला काय झालं ते सांगता येत नाही. कानात मशीनसारखं घरघरायला लागलं. मी शेठला म्हटलं, "मी जाते." मशीन वायरीसकट पिशवीत कोंबलं आणि रस्त्यावर आले. कुठला दवाखाना हे तिनं बोलता बोलता सांगितलं होतं, पिंप्राळ्यात राहतो तेही सांगितलं होतं. रिक्षात बसल्यावर मी एकच हिशेब करत होते. आजीला उर्दूच येते, म्हणजे तिनं वाचलं नसेल. पण पोराची आई? आजकालच्या पोरी शिकलेल्या असतात. सहा दिवसांची बाळंतीण, पहिल्यांदा पोराला आपल्या हातानं पाजणार, आणि तिच्या हातात ती वाटी जाणार. मी आयुष्यात कुणाला हात जोडत नाही, त्या दिवशी रिक्षावाल्याला जोडले. म्हटलं, "दादा, रेल्वेचं फाटक लागायच्या आत काढ."

दवाखान्यात नवजात बाळांचा वॉर्ड वरच्या मजल्यावर होता. बाहेर लांब बाक. म्हातारी दिसली आणि मला बघून उभीच राहिली. "अरे, ताई, तुम्ही? काही राहिलं का?" तिच्या शेजारी पांढऱ्या दाढीचे एक आजोबा बसले होते. तिचे मालक. वाटी त्यांच्या हातात होती. आणि त्यांचा अंगठा वाटीवर घट्ट दाबलेला होता, नावाच्या अगदी आधी.

त्यांनी वाचलं होतं.

"तू जरा पाणी घेऊन ये," ते बायकोला म्हणाले. ती गेली. मग त्यांनी मला बसायची खूण केली. मी काही बसले नाही. मी उभ्या उभ्या जे काही बोलले त्यात ताटं होती, श्राद्ध होतं, माझा नवरा होता, माझा आंधळा हात होता. मी रडत होते. त्यांनी ऐकून घेतलं.

मग ते हळूच म्हणाले, "बेटी, मी चाळीस वर्षं पुस्तकं बांधली. कोर्टाचे कागद बांधले. मराठी वाचता येतं मला. कै. म्हणजे कैलासवासी ना?"

मी मान हलवली.

"मग घाबरतेस कशाला? आमचं माणूस कैलासात जातच नाही. तिकडे आमची नोंद नाही." दाढीत ते थोडे हसले. "म्हणजे हे आमच्या पोरासाठी लिहिलेलं नाही."

ज्याचा नातू काचेपलीकडे श्वास मोजून घेतोय तो माणूस माझी समजूत घालत होता! त्यांचा अंगठा मात्र तिथून हलला नव्हता आणि नख पांढरं पडलं होतं. हसणं तोंडावरचं होतं, भीती अंगठ्यात होती.

"पण सूनबाई मराठी शाळेत शिकलेली आहे," ते म्हणाले. "तिला नको दिसायला. ती आत दूध काढतेय. काही करता येईल?"

"चाचा, फूल काढते," मी म्हटलं.

पाण्याच्या कूलरजवळ भिंतीत एक प्लग होता. मी कूलरची वायर काढून मशीनची लावली आणि जमिनीवर मांडी घातली. आजोबा लोकांच्या नजरेआड करायला माझ्यापुढे उभे राहिले. पेन घरघरलं तशी वॉर्डचं दार उघडून सिस्टर बाहेर आली. सावळी, गळ्यात बारीक क्रॉस, चेहऱ्यावर हे काय चाललंय असा राग. मी वाटी वर धरली. ती वाकली, तिनं सगळंच वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि आत जाऊन दार ओढून घेतलं. पुन्हा बाहेर डोकावून एवढंच म्हणाली, "लवकर करा. मला ती उकळून घ्यायचीय."

मी पेन दोनदा टेकवायला गेले आणि दोनदा उचललं. आजोबांनी ते पाहिलं असावं, कारण ते बोलायला लागले. एखाद्या पोराला झोपवताना बोलतात तशा आवाजात त्यांनी त्या नावाची गोष्ट सांगितली. फार पूर्वी एक पैगंबर होते, म्हातारे झाले, हाडं कुरकुरायला लागली, बायकोही म्हातारी. मूल नाही. त्यांनी मनातल्या मनात मागितलं. उत्तर आलं की मुलगा होईल आणि त्याचं नाव यह्या. "हे नाव त्याच्याआधी कुणालाच दिलेलं नव्हतं. आई-बापांनी ठेवलं नाही, शेजाऱ्यांनी सुचवलं नाही. वरूनच आलं."

"आणि अर्थ काय चाचा?"

"आमच्याकडे सांगतात, जगतो तो. जगणारा."

मी दोन्ही मात्रांच्या दोन पाकळ्या केल्या. क च्या पोटाची तिसरी. टिंबाला वळसा घालून चौथी आणि पाचवी. खाली दोन पानं. मी इतकं बारीक फूल त्याआधी कधी काढलं नव्हतं.

सिस्टर पुन्हा आली, वाटी हातात घेऊन फिरवून पाहिली. राग उतरला होता. ती साक्रीकडची होती, बोलण्यावरून कळत होतं. "यह्या म्हणजे आमचा योहान," ती म्हणाली. "आमच्याकडे पण हीच गोष्ट आहे. म्हाताऱ्या बापाला विश्वास बसला नाही म्हणून त्याची वाचा गेली. पोरगं झालं तेव्हा सगळे नातेवाईक म्हणायला लागले, बापाचंच नाव ठेवा, हे कुठलं नाव काढलं, तुमच्या घरात कुणाचंच नाही. मग बापानं पाटी मागितली आणि पाटीवर लिहिलं, याचं नाव योहान. लिहिलं आणि वाचा परत आली."

"पाटीवर लिहिलं?"

"हो. बोलता येत नव्हतं ना. आधी लिहिलं, मग बोलला."

ती वाटी घेऊन आत गेली आणि मी तशीच जमिनीवर बसून राहिले. इतक्या हजार वर्षांपूर्वी, कुठल्या तरी वाळवंटात, नात्यातली माणसं हे कसलं नाव म्हणून भांडत असताना कुणीतरी ते नाव कोरून ठेवलं होतं. आणि पिंप्राळ्याची एक म्हातारी, जिनं पाटीची ती गोष्ट कधी ऐकलेलीही नव्हती, रिक्षा उभी करून माझ्याकडे तेच करायला आली होती.

थोड्या वेळानं दाराच्या काचेतून मला ते दिसलं. आई खुर्चीवर बसलेली, फारच लहान वयाची, डोक्यावर ओढणी. सिस्टरनं पोर तिच्या मांडीवर दिलं. माझ्या हाताच्या पंज्यात मावलं असतं एवढं, नाकात नळी, डोक्यावर लोकरी टोपी. वाटीत तळाला चिकटेल एवढंच दूध. आईनं वाटी हातात घेतली, क्षणभर तिच्याकडे बघत राहिली, मग चमच्याचं टोक त्याच्या ओठाला लावलं. बराच वेळ काही झालं नाही. आजी माझा दंड धरून उभी होती, तिची नखं रुतत होती. मग त्या एवढ्याशा गळ्यात काहीतरी हललं.

"प्यायला," आजोबा म्हणाले. ते काचेकडे पाठ करून भिंतीकडे वळले.

ते पोर महिन्यानं घरी आलं. म्हातारी मला सांगायला पायरीवर आली, हातात शेवयांचा डबा घेऊन. मी आजोबांना निरोप पाठवला की वाटी बदलून देते, नवी घ्या. त्यांचा उलटा निरोप आला, हीच राहू दे, हिच्यात तो प्यायला आहे.

माझी मुलगी धुळ्याला कॉलेजात शिकवते. तिला मी ही गोष्ट फोनवर सांगितली, माझी चूक थोडी बारीक करून. ती म्हणाली, "आई, ते नाव कुठून आलं माहीत आहे का तुला? मूळ हिब्रू. योहानान. देवानं कृपा केली, असा त्याचा अर्थ. अरबीतला यह्या शब्द त्यातूनच आला की वेगळा, यावर विद्वानांची भांडणं आहेत, पण माणूस तोच. योहानचा इंग्लंडात जॉन झाला, फ्रान्समध्ये ज्याँ, स्पेनमध्ये हुआन. आणि रशियाकडे गेला तिथे इवान."

"इवान?" मी ओरडलेच.

कारण त्याच सुमाराला आमच्याकडे इवानांची लाट आली होती. एके काळी एकेका वर्षात सगळी पोरं देवांच्या नावाची असायची, मग नटांच्या नावाची झाली, मग दोन अक्षरी नावं आली जी घरातल्या म्हाताऱ्यांना उच्चारताच येत नाहीत. आता चांदीची वाटी आली की त्यावर इवान. पाळण्याच्या आहेराला इवान. मी मोजत नाही, पण महिना कोरडा जात नाही. एकदा सावद्याचं एक कुटुंब आलं होतं, केळीचे व्यापारी. आजी ठसक्यातली. म्हणाली, "नातवाचं नाव इवान ठेवलंय बाई. अर्थ सूर्य म्हणे, सूनबाईनं मोबाईलमध्ये पाहिला."

मला कुठे गप्प बसवतंय! मी म्हटलं, "आजी, हेच नाव पिंप्राळ्यातल्या एका पोराचं पण आहे. त्याला यह्या म्हणतात. चर्चमध्ये योहान म्हणतात. अर्थ देवाची कृपा."

तिनं माझ्याकडे नीट निरखून पाहिलं, उन्हात बसून माझं डोकं फिरलं की काय ते बघायला. मग म्हणाली, "असू दे. कृपा कुठंही होते. तुम्ही अक्षर मोठं काढा."

त्या संध्याकाळी मी पायरीवर बसून आठवायला लागले. मिशनच्या शाळेतले एक गुरुजी निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या तबकावर मी योहान घातलं होतं. फुटबॉलच्या एका कपावर जॉन घातलं होतं. इवान तर किती घातले. आणि एक यह्या. माझ्या हातानं एकच नाव इतक्या वेळा, इतक्या रूपांत काढलं आणि मला पत्ताच नव्हता! एवढ्याशा पायरीवर, शेठच्या कळकट वायरीवर चालणाऱ्या पेनातून किती लांबून आलेलं काहीतरी गेलं, या विचारानं मी अगदी लहान होऊन गेले. आमचं माणूस गेलं की कालकथित, त्यांचं गेलं की कैलासवासी, यांचं गेलं की मरहूम. जाणाऱ्यासाठी आम्ही इतके शब्द वेगळे करून ठेवलेत. आणि येणाऱ्यासाठी हे एक नाव, कुणालाही न विचारता, सगळ्यांच्या घरात शिरलं.

या जूनमध्ये शाळा उघडायच्या आठवड्यात पायरीवर ही गर्दी. डबे, पाण्याच्या बाटल्या, पोरांची रडारड. त्यात एक बाई उभी होती, हातात स्टीलचा डबा आणि बोटाला धरलेला एक किडकिडीत पोरगा, डोळे मोठे. मी तिला ओळखलं नाही. काचेतून एकदाच पाहिलेली.

"यह्या," ती म्हणाली. "पहिलीत चाललाय. डब्यावर नाव टाकायचंय."

मी मशीन बंद केलं, त्याचा गाल धरला, त्यानं तो सोडवून घेतला. समोरचे दात पडलेले. मी आजी-आजोबांची विचारपूस केली. आजी ठणठणीत होत्या. आजोबा दोन वर्षांपूर्वी गेले होते.

मग ती जरा वाकली आणि पोराला ऐकू जाणार नाही अशी बोलली. "अक्का, त्या दिवशी ती वाटी अम्मींनी आधी माझ्याच हातात दिली होती."

मी पेन खाली ठेवलं.

"मी वाचलं. अम्मी इतक्या हौसेनं घेऊन आल्या होत्या, त्यांना काय सांगू? मी वाटी उलटी करून अब्बांच्या हातात दिली आणि आत गेले. मला वाटलं त्यांनी वाचलं नाही. आत जाऊन ठरवलं, मी त्या वाटीनं पाजणारच नाही. आणि सिस्टर वाटी घेऊन आली तर तिथे फूल! मला वाटलं, मी घाबरून चुकीचंच वाचलं असेल. कितीतरी दिवस तसंच वाटत होतं." तिनं अंगठा बोटावर घासून दाखवला. "मग घरी आल्यावर एकदा घासताना बोटाला लागलं. पाकळीखाली दोन मात्रा."

मी माफी मागायला हात जोडायला गेले. तिनं माझा हात दाबला. आजोबांनी तिच्यापासून लपवलं, तिनं आजीपासून आणि आजोबांपासून. एकाच बाकाभोवती सगळे एकमेकांना वाचवत होते आणि मी मूर्ख समजत होते की मीच वाचवतेय.

"अब्बांना शेवटपर्यंत मी बोलले नाही," ती म्हणाली. "तुम्हालाच पहिल्यांदा सांगतेय."

पोरगा कंटाळला होता. त्यानं टेबलावरचा पेपर ओढला, माझी पेन्सिल घेतली आणि कडेला काहीतरी काढायला लागला. मी बघितलं. आधी पाच पाकळ्यांचं वाकडंतिकडं फूल, खाली दोन पानं, आणि मग 'यह्या'.

"सगळीकडे असंच लिहितो," आई म्हणाली. "बालवाडीच्या बाई रागवायच्या. ऐकतच नाही. लहानपणापासून त्याच वाटीत खाल्लंय ना. त्याला वाटतं, फूल नावातलंच आहे."

तो पेपर माझ्यापुढे धरून उभा राहिला. नाव आधी लिहून दाखवायचं आणि मान हलवायची, हा नियम त्याला कुणी सांगितला होता कोण जाणे. मी मान हलवली.

डबा फडक्यात घट्ट धरला, मशीन सुरू केलं, आणि कोऱ्या, चकचकीत, कुठेही न चुकलेल्या स्टीलवर आधी फूल काढलं.